बावीस नव्हे, चौतीस

शमीम सिस्टर,

आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि ती तुमच्यामुळं. आईवडिलांनी वाढवलं, गावच्या शाळेत मास्तरांनी शिकवलं, पण ज्या कामावर आज मी उभा आहे ते तुम्ही माझ्या हातात दिलंत. हे तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "भाषण नको. तीन नंबरचं सलाइन संपत आलंय, ते बघ." म्हणून राहून गेलं. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. आता मला कुणी अडवत नाही आणि मला मात्र नीट बोलता येत नाहीये.

या सोळा दिवसांत एक खोड लागली आहे. मी दिसेल त्या माणसाचे श्वास मोजतो. शिरूरच्या स्टँडवर बाकावर डुलकी घेणाऱ्या म्हाताऱ्याचे मोजले. रांजणगावच्या चौकात कंपनीची बस थांबली होती, खिडकीला डोकं टेकून एक कामगार झोपला होता, त्याचे मोजले. बस निघाली तेव्हा अर्धंच मिनिट झालं होतं, तर दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. घरी वडील जेवून आडवे झाले की मी दारात उभा राहतो. परवा त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "काय रं, मेलोय का बघतोस व्हय?" आई हसली. मला हसू आलं नाही.

श्वास मोजायला तुम्ही शिकवलंत. पुस्तकातही होतं, पण पुस्तकातलं मी पाठ केलं होतं एवढंच. तुम्ही म्हणायचात, श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही. कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो, चांगला घ्यायला बघतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं नाडीवर तशीच, नजर घड्याळावर, आणि डोळ्याच्या कडेनं छाती. पूर्ण एक मिनिट. पेशंटला वाटतं अजून नाडीच चाललीये. "एवढी एक लबाडी आपल्याला माफ आहे," तुम्ही म्हणायचात, "कारण ती खरा आकडा मिळावा म्हणून असते."

हे वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं आहे.

आपली पहिली भेट शिरूरला झाली. बारावीचा निकाल लागला होता, मार्क बरे होते, पण डॉक्टर व्हावं एवढे नव्हते. आजोबांना, म्हणजे आप्पांना, सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं आणि सोबत मी होतो. आप्पा अंगानं जड. त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची. त्या दिवशी कुणी नव्हतं म्हणून मी एकट्यानंच वळवलं, आणि मागं बघतो तर तुम्ही उभ्या.

"कुणाचा रे तू?"

"आप्पांचा नातू."

"तुला नाव नाही का?"

"नवनाथ."

"हे वळवायला कुणी शिकवलं, नवनाथ?"

"कुणी न्हाई. बसलेली गाय उठवायची आसंल तर आधी आसाच हात घालत्यात."

तुम्ही आप्पांकडं वळलात. "आप्पा, ऐकलं का? नातू गाय म्हणतोय तुम्हाला."

"म्हनू द्या," आप्पा म्हणाले. "गायीला लई जपतो त्यो. मला बी जपंल."

पुढच्या आठवड्यात तुम्ही बी.एस्सी. नर्सिंगची माहिती एका कागदावर लिहून आणलीत. मला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी असेल. आमच्याकडं नर्स म्हणजे बाई. चुलत्यांनी, नानांनी, ऐकलं तेव्हा ते चार माणसांत म्हणाले, "आता साडी कोन्त्या रंगाची घेताव त्येवढं सांगा." वडील रांजणगावला एका कंपनीत ठेकेदाराकडं होते. त्यांनी माझ्यासाठीही तिथंच शब्द टाकून ठेवला होता. मी गप्प बसलो. मी गप्पच बसणारा होतो. तुम्ही मात्र सुट्टीच्या दिवशी एसटीनं आमच्या गावाला आलात, ओट्यावर बसून चहा घेतलात आणि नानांनाच विचारलंत, "उद्या तुम्ही ॲडमिट झालात, उठता येईना, तर लघवीला बसवायला कोण पाहिजे? मी पाहिजे का हा पाहिजे?"

नाना कपाळ खाजवत म्हणाले, "तसं बघाया गेलं तर... ह्योच बरा."

"मग ह्याला शिकू द्या."

तुम्ही निघताना वडिलांनी तुम्हाला फाट्यापर्यंत गाडीवर सोडलं आणि परत आल्यावर मला एवढंच विचारलं, "फारम कवा भरायचाय?" आईचं समाधान आणखी सोपं होतं. "दवाखान्यात हाय म्हंजी सावलीत हाय," ती आजही सांगते.

कॉलेजची चार वर्षं मी इथं उगाळत नाही. वर्गात आम्ही पोरं थोडी, इंग्रजी पुस्तकं जाड, आणि मी प्रत्येक पान आधी मराठीत समजून घेणारा. तुम्ही तोपर्यंत सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन दौंडला आपल्या घरी गेला होता आणि तिथल्याच एका लहान खासगी दवाखान्यात इन्चार्ज झाला होता. माझं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "ये इकडं. एक जागा आहे." मी आलो, तर वॉर्डच्या दारात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "हे नवनाथ ब्रदर. आजपासून आपल्याकडं." त्याआधी मला कुणी ब्रदर म्हणालं नव्हतं. मी मागं वळून बघितलं होतं, आठवतं का?

आणि त्यानंतर चार महिन्यांत व्हाइटनरची गोष्ट झाली.

ती गोष्ट आपण दोघांनी पुन्हा कधी काढली नाही. आज काढतो, कारण तिच्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

कासुर्डीचा संतोष नावाचा पेशंट होता. रांजणगावहून शिफ्ट संपवून येताना मोटरसायकल घसरली, मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातला होता. दोन वाजता तो मला म्हणाला होता, "ब्रदर, चार्जर हाय का बारीक पिनचा?" चार वाजता ताप, नाडी, श्वास यांचा तक्ता भरायची वेळ झाली. अठरा बेड, आणि मी एकटा. ताप मी सगळ्यांचा बघितला. नाडी बऱ्याच जणांची बघितली. श्वासाचा रकाना टेबलावर बसून भरला. वीस, वीस, अठरा, वीस. आमच्या धंद्यात हे चालतं, सिस्टर, तुम्हालाही माहीत होतं. माणूस जागा दिसला, बोलता दिसला, की श्वास वीस. संतोष भिंतीकडं तोंड करून पडला होता. मला वाटलं झोपलाय.

साडेचारला तुम्ही फेरीवर आलात आणि त्याच्या कॉटपाशी थांबलात. मनगट धरलंत. एक मिनिट तुमच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग म्हणालात, "ऑक्सिजन लाव. डॉक्टरांना बोलव. पळ."

अडतीस होता.

पुढचा तास धावपळीचा गेला. डॉक्टर आले, संतोषला ॲम्ब्युलन्समधून पुण्याला पाठवलं. तो वाचला, हे मी नंतर शंभर वेळा स्वतःला सांगितलं आहे. पण तो गेल्यावर त्याचा तक्ता टेबलावर राहिला होता आणि त्यात माझ्या अक्षरात वीस होतं. मी ड्रॉवरमधून व्हाइटनर काढलं. वीस पुसलं. वर अडतीस लिहायला पेन उचललं आणि तुम्ही दारात.

ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात. म्हणालात, "वाळू दे."

आपण दोघं ते पांढरं वाळायची वाट बघत बसलो. मग तुम्ही मला ब्लेड दिलंत. "खरवड. हळू. कागद फाटता कामा नये."

मी खरवडलं. खालून वीस पुन्हा वर आला, थोडा फिकट.

"आता त्याच्यावर एक रेघ मार. एकच. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा लिही, वेळ लिही, सही कर. चूक झाकायची नसते नवनाथ, ती दिसली पाहिजे. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे की इथं एकजण चुकला होता."

"डॉक्टरांना सांगणार का तुम्ही?"

"मी कशाला सांगू? तू सांगणार. मी दाराबाहेर उभी राहते."

मी आत जाऊन सांगितलं. जे ऐकायचं ते ऐकलं. बाहेर आलो तेव्हा तुम्ही खरंच उभ्या होता, आणि म्हणालात, "आता सतरा जणांचा श्वास मोजायचा राहिलाय." त्या दिवशी मी सतरा मिनिटं सतरा मनगटं धरली. त्यानंतर तक्त्यात मी न मोजलेला आकडा लिहिलेला नाही. हे मी खात्रीनं सांगू शकत होतो. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत.

मग मी शिरूरला मोठ्या दवाखान्यात गेलो. तुम्ही काम सोडलंत, घरी राहिलात. महिन्या-दोन महिन्यांतून मी यायचो. तुमच्या सूनबाई, रुखसाना वहिनी, चहा ठेवायच्या आणि आपण भांडायचो. भांडण एकच. मी म्हणायचो, रेकॉर्डला खोटं नको, मान्य. पण पेशंटला जरा बरं वाटावं म्हणून कधी थोडं कमी सांगितलं तर काय बिघडतं? तुम्ही म्हणायचात, "बरं कुणाला वाटतं? पेशंटला का सांगणाऱ्याला?" मी म्हणायचो, दोघांना. तुम्ही म्हणायचात, "पेशंटला त्याचं अंग सांगतच असतं. तू खोटं बोललास की तो एकटा पडतो एवढंच." मी ऐकून घ्यायचो, पण पटायचं नाही. वहिनी आतून म्हणायच्या, "अम्मी, बिचाऱ्याचा चहा गार झाला." वाद तिथंच राहायचा. मला वाटायचं, अजून पुष्कळ चहा व्हायचे आहेत.

यंदा तुमच्या फुप्फुसांनी सोडायला घेतलं. पुण्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्ही मला फोनवर पाळी बदलताना वॉर्डचा ओव्हर द्यावा तसं सांगितलंत, एका दमात, आणि तुमचा दम संपला. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. तुम्ही वहिनींना एक शंभरपानी वही आणायला लावलीत, रकाने आखायला लावलेत. वेळ, नाडी, श्वास, औषध, सही. स्वतःच्याच घरात स्वतःचाच तक्ता. तुमचा मुलगा म्हणाला, "अम्मी, इथं कोण राउंडला येणार आहे?" तुम्ही म्हणालात, "आलं तर?"

तुम्ही जाण्याआधीच्या रविवारी मी आलो. न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून, पाटसवरून, नेहमीसारखा. तुम्ही तीन उशांना टेकून बसला होता. ओठांचा रंग दारातूनच दिसला. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मोजा जरा, मला नीट जमत नाही." मी बसलो, तुमचं मनगट हातात घेतलं. नाडी मोजली. मग मनगट सोडलं नाही. घड्याळाकडं बघत राहिलो.

अर्ध्या मिनिटात तुम्ही म्हणालात, "नाडी झाली की रे."

मी मनगट धरूनच राहिलो.

"मोज, मोज. मी नीटच घेतेय श्वास. नाटक करत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी अशा माणसाचा श्वास मोजत होतो ज्याला ठाऊक होतं की मी काय मोजतोय. चौतीस झाला. पुन्हा मोजायची गरज नव्हती.

"किती?"

"बावीस."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. फार वेळ नाही. मग म्हणालात, "बरं. लिही."

मी वही घेतली आणि लिहिलं. बावीस. वेळ, सही. माझं अक्षर त्या पानावर सगळ्यात स्वच्छ आहे.

परत येताना मी स्वतःशी आपला जुना वाद घालत होतो आणि जिंकत होतो. काय बिघडलं? बिचाऱ्यांना एक संध्याकाळ बरी गेली असेल. न्हावऱ्याला थांबून चहासुद्धा प्यालो.

बुधवारी दुपारी वहिनींचा फोन आला. सहज, खुशाली सांगायला. "भाऊ, अम्मीला सोमवारपासून लई दम लागतोय. डॉक्टरसाहेबांना फोन केला होता. त्यांनी विचारलं, श्वास किती? मी म्हणलं, भाऊंनी मोजलाय, बावीस. ते म्हणाले, मग औषध आहे तेच चालू द्या. भाऊंनी मोजलाय म्हणल्यावर मी पुन्हा नाही मोजला."

मी वॉर्डच्या मधोमध उभा होतो. एक बिहारचा पेशंट मला हाक मारत होता, "ब्रदर, ओ ब्रदर." मला ऐकू येत होतं आणि हलता येत नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. माझं नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि सांगितलं की रविवारचा आकडा चौतीस होता, मी खोटा लिहिला. ते एवढंच म्हणाले, "अहो, तुम्ही नर्स ना?" त्यांनी लगेच औषध वाढवलं. संध्याकाळी वहिनींचा निरोप आला की अम्मी तीन दिवसांनी जरा टेकून झोपल्या.

तीन दिवस, सिस्टर. ते मी तुम्हाला दिले.

मी त्याच संध्याकाळी यायला हवं होतं. नाही तर गुरुवारी, माझी सकाळची ड्यूटी होती, तीनला सुटलो होतो. गाडी बिघडलेली नव्हती, रस्ता बंद नव्हता. वॉर्डला माणसं कमी आहेत असं मी स्वतःला सांगितलं आणि एका सहकाऱ्याची पाळीही मागून घेतली. तुम्ही माझ्याकडं पुन्हा एकदा तसं बघाल याची मला भीती वाटत होती. येण्याऐवजी मी पत्र लिहिलं आणि गुरुवारी सकाळी शिरूरच्या पोस्टात टाकलं. चुकीचा अहवाल लेखी द्यायचा असतो, असंही स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला किती सांगू शकतो!

पत्र शुक्रवारी दुपारी पोचलं. वहिनी वाचून दाखवायला लागल्या, तर तुम्ही चष्मा मागितलात आणि स्वतः वाचलंत. मग पेन मागून त्याच्या खाली लिहिलंत, "मिळालं", वेळ घातलीत, आणि तुमची ती आडवी छोटी सही केलीत. ओव्हर घेतल्यावर करायचात तशी. माफ केलं असं कुठं लिहिलेलं नाही. रागावल्याचंही नाही. मी ते पत्र किती वेळा उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी आहे. वहिनींना तुम्ही फक्त म्हणालात, "त्या पानाला कुणी हात लावू नका. तो येणार आहे."

शनिवारी सकाळी नऊच्या आधी तुमच्या मुलाचा फोन आला. मी तेव्हा बेड नंबर सहापाशी होतो. पहिल्यांदा मनात आलं, तसंच निघावं. पण तुम्ही सांगितलेलं होतं, हातानं स्पर्श करून एकेक पेशंट सोपवल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. मी एकेका कॉटपाशी गेलो, प्रत्येकाला हात लावला, ओव्हर दिला, मग निघालो. दौंडला पोचलो तेव्हा तुम्हाला उचलायची वेळ झाली होती. कब्रस्तानात तुमच्या मुलानं मला पुढं घेतलं. मी तीन मुठी माती दिली. हात थरथरत नव्हते. तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, ठीक आहे, कामाचा आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पुन्हा आलो, कारण तसा शब्द दिला होता. वहिनींनी वही समोर ठेवली. पान कुणी उलटलं नव्हतं. मी बावीसवर एक रेघ मारली, एकच, खालचा आकडा वाचता येतो. शेजारी चौतीस लिहिलं. वेळ घातली, सही केली. वहिनी शेजारी बसून होत्या. त्या म्हणाल्या, "अम्मीला माहीत होतं, भाऊ. तुम्ही गेल्यावर मला म्हणाल्या, पोराला आकडा उचलला नाही."

मग तुम्ही "लिही" का म्हणालात? हे विचारायला मी रोज मनातल्या मनात तुमच्या दारात येतो. मला खरा आकडा लिहायची संधी देत होता का? का माझ्यासाठी तुम्हीच, एकदाच, आपला वाद हरायचं ठरवलंत? मला ते कळत नाही, आणि जे कळत नाही ते मला बसू देत नाही. उद्या माझी सकाळची ड्यूटी आहे. बावीस बेड आहेत. मी बावीस मिनिटं देणार आहे.

पत्र वहिनींनी मला परत दिलं. ते असं आहे.

बुधवार, संध्याकाळ
शिरूर

आदरणीय शमीम सिस्टर यांना नवनाथचा नमस्कार.

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी तुमचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजला. तो चौतीस होता. मी तुम्हाला बावीस सांगितला आणि वहीत बावीस लिहिला. मोजण्यात चूक झाली नव्हती.

तुम्ही घाबराल म्हणून असं केलं, असं मी लिहिणार होतो. ते खरं नाही. घाबरलो होतो मी. त्याचा त्रास तुम्हाला झाला. डॉक्टरांना आज खरा आकडा सांगितला आहे आणि खोटा कुणी लिहिला तेही सांगितलं आहे.

आपल्या वादात तुमचं बरोबर होतं. बरं मलाच वाटलं होतं, न्हावऱ्यापर्यंत.

वहीतलं ते पान तसंच ठेवायला वहिनींना सांगा. रविवारी मला सुट्टी आहे, मी येतो. रेघ माझ्या हातानं मारीन आणि सही करीन. मग तुमच्याजवळ बसून पुन्हा एक मिनिट मोजीन. नाडीचं नाटक करणार नाही. तुम्ही विचारा किती, मी असेल तो सांगीन.

तोवर वहिनींना रोज मोजायला लावा.

तुमचा,
नवनाथ
रजिस्टर्ड नर्स